पोराला पाण्यात ढकलू नका, उतरवा



या पानावर तुमची-माझी गाठ पडते ती बहुधा उसाची लावण, द्राक्षाची छाटणी नाहीतर मावा-तुडतुडे यांच्या निमित्ताने. माझे बिऱ्हाड मांजरीत आहे म्हटल्यावर कुणी मांजरी गोटा वांग्याच्या रोपांची चौकशी करतो, कुणी द्राक्ष संशोधन केंद्रात कोणाला भेटावे ते विचारतो. आज मात्र विषय निराळा आहे. शाळांच्या परीक्षा संपत आल्या. आता दीड-दोन महिने पोरे मळ्यात मोकळी. ऊन चाळिशीला टेकले की त्यांना पाणी आठवणार आणि पाय तिकडे वळणार, मग तुम्ही कितीही दटावा. म्हणून पोरांना पोहायला कसे शिकवावे, आणि तेही त्यांना गोडी लागेल असे कसे शिकवावे, याविषयी आज बोलायचे आहे.

तुम्ही म्हणाल, "साहेब, यात शिकवायचे ते काय? आम्हाला बापाने उचलून विहिरीत टाकले, दोन घोट पाणी प्यालो आणि आपोआप वर आलो." खरे आहे. पण ही हकिकत सांगतो कोण? जो वर आला तो. जो वर आला पण पुन्हा कधी विहिरीकडे फिरकला नाही, तो ती सांगत नाही, कारण त्याला लाज वाटते. त्यातलाच एक मी आहे, म्हणून थोडे स्वतःविषयी सांगतो.

मी आठ वर्षांचा होतो. १९७९ सालच्या उन्हाळ्याची सुटी. आमच्या मळ्यातली विहीर मोटेच्या काळातली, घडीव दगडाची, एका अंगाला पायऱ्या असलेली. मोट जाऊन इंजिन आले होते, पण धाव तशीच होती. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, पोहण्यात पटाईत. त्यांनी एके दुपारी मला बखोटीला धरून उचलले आणि वरून सोडून दिले. पाठीला ना डबा, ना भोपळा. नाका-कानात पाणी गेले, डोळ्यांपुढे हिरवेकाळे झाले. तात्यांनीच उडी टाकून मला बाहेर काढले, पण काठावरची माणसे हसत होती ते अजून आठवते. पुढची चार वर्षे मी त्या विहिरीपाशी गेलो नाही. तात्या वाईट नव्हते. त्यांना त्यांच्या वडिलांनी तसेच शिकवले होते, इतकेच.

पुढे मला शिकवले ते आमच्याकडे सालाने राहिलेल्या एका म्हाताऱ्या गड्याने. घरातले सगळे त्यांना बाबा म्हणत. बाबा रोज सांजेला अंग धुवायला विहिरीत उतरत. मला म्हणाले, "पायरीवर बस नि माझी पाठ चोळ." दुसऱ्या दिवशी ते एक पायरी खाली बसले, मग मलाही एक पायरी खाली उतरावे लागले. आठवडाभरात मी कमरेइतक्या पाण्यात उभा होतो आणि मला त्याचे काही वाटत नव्हते. "पोह" असे ते एकदाही म्हणाले नाहीत. नंतर त्यांनी माझ्या पाठीला वाळलेल्या पांगाऱ्याच्या ओंडक्यांचा बिंडा बांधला. चार-पाच दिवस झाले की त्यातला एक ओंडका ते गुपचूप काढून घेत. शेवटचा ओंडका कधी निघाला ते मला कळलेच नाही.

मी शेतकी पदवी घेतली, नोकरीत बत्तीस वर्षे काढली, शेकडो प्रात्यक्षिके घेतली. बाबांइतके नेटके प्रात्यक्षिक मला अजून जमलेले नाही.

हे सारे आता लिहायचे कारण दुसरे आहे. काही वर्षांमागे माझ्या कामाच्या हद्दीत एक शेततळे झाले. तालुक्याचे नाव सांगत नाही. लांबी, रुंदी, खोली मी स्वतः फीत धरून मोजली, बाजूंचा उतार पाहिला, अस्तराच्या कागदाचे जोड तपासले, आणि सारे नियमाप्रमाणे आहे असे लिहून दिले. कुंपण तेवढे बाकी होते. मालक म्हणाले, सुगी झाली की करतो. मी मान डोलावली. त्याच उन्हाळ्यात त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा पाण्यात पडलेली चप्पल काढायला वाकला आणि घसरला. त्याची आई काठावर होती. तिला पोहता येत नव्हते. ती ओरडत वस्तीकडे धावली, माणसे येईपर्यंत सारे संपले होते. मी चौथ्या दिवशी भेटायला गेलो. ती माउली एवढेच म्हणाली, "साहेब, माझ्या अंगावर सहावारी लुगडे होते. एक टोक त्याच्याकडे फेकायचे मला सुचले नाही. कुणी सांगितलेच नव्हते."

सांगायला पाहिजे होते ते मी. त्या दिवसापासून पाहणीला गेलो की फीत नंतर काढतो, आधी दोर कुठे आहे ते विचारतो.

पाण्यात बुडून माणसे मरतात ही काही आपल्याच भागातली गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली जो अहवाल काढला त्यात २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली असा अंदाज दिला आहे. त्यातली दहात नऊहून जास्त गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. पाच ते चौदा वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बुडणे तिसऱ्या क्रमांकावर आहे. शेजारच्या बांगलादेशात दारोदार तळी. तिथे खेड्यातल्याच तळ्यात बांबूचा चौकोन बांधतात, आत पाण्याखाली बांबूचा माचा बसवतात म्हणजे पोरांचे पाय टेकतात, आणि गावातलाच शिकवलेला माणूस चार ते बारा वर्षांच्या मुलांना तिथे पोहायला शिकवतो. शिकलेल्या मुलांत बुडण्याचे प्रमाण फारच कमी झाल्याचे तिथे आढळले. संगमरवरी तलाव लागला नाही, की परदेशी शिक्षक लागला नाही.

पाणी कुठले निवडावे

मांजरीतली जुनी माणसे सांगतात की त्यांचे बालपण नदीत गेले. मुळा आणि मुठा पुण्यात संगमावर एक होतात आणि मुळा-मुठा आमच्या गावावरून पुढे भीमेला मिळायला जाते. मांजरी बुद्रुक आणि मांजरी खुर्द यांच्यामध्ये हीच नदी आहे. तिच्यात आज पोराला घालू नका. पुणे शहराचे सांडपाणी तिच्यात येते, पृष्ठभागावर जलपर्णी माजते, आणि त्या हिरव्या गालिच्याखाली काय आहे ते दिसत नाही. कातडीचे आणि पोटाचे आजार तर होतातच, शिवाय जलपर्णीच्या मुळ्यांत पाय अडकला तर चांगल्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही.

कालव्याचे पाणी दिसायला चांगले. खडकवासल्याहून निघून हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचनकडे जाणारा मुठा कालवा तुमच्यापैकी अनेकांच्या शेताजवळून जातो. आवर्तन सुटले की त्याला ओढ असते, आणि अस्तर केलेल्या भागात काठ इतका गुळगुळीत असतो की हात लावायला जागा नाही. कालव्यात शिकवणे नकोच.

शेततळ्याचेही तेच, किंबहुना जास्तच. त्याविषयी पुढे लिहितो.

उरली विहीर. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेली. मळे उठून इमारती होत आहेत, आणि कित्येक विहिरी बुजल्या. तरी आमच्या भागात अजून पायऱ्यांच्या दोन-चार विहिरी धड आहेत. त्यातल्या एका मालकांच्या परवानगीने गेली सहा वर्षे उन्हाळ्यात सकाळी मी वस्तीवरच्या पोरांना पाण्यात घेऊन बसतो. एका वेळी चार, फार तर पाच. तुमच्याजवळ शहरात तलाव असेल, तिथे शिकवणारा आणि जीवरक्षक दोन्ही असतील आणि फी परवडत असेल, तर जरूर पाठवा. पण त्यावाचून अडून बसू नका.

विहिरीचे एक पथ्य आधी सांगतो, कारण ते सगळ्यात जास्त विसरले जाते. विहिरीत मोटर असेल तर पोर पाण्यात उतरण्याआधी मेन स्विच पाडा आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. केबलचा जोड कुठे उघडा पडला असेल सांगता येत नाही, आणि वीज गेली-आली की ऑटो स्विचवरची मोटर आपोआप सुरू होते. पायऱ्या नाहीत, कठडा ढासळला आहे, पाण्यात जुने पाइप आणि तारा आहेत, अशी विहीर सोडून द्या. वर्षानुवर्षे उपसा नसलेल्या खोल विहिरीत तर उतरूच नका, तिथे खाली हवा कोंडलेली असते.

पहिला धडा बादलीत

पोहणे विहिरीत सुरू होते असे आपल्याला वाटते. खरे तर ते न्हाणीघरात सुरू होते. पोराला पाण्याचे भय नसते, पाणी तोंडावर येण्याचे भय असते. म्हणून सुटी लागण्याआधीच घरी बादली नाहीतर घंगाळ भरून त्याच्यापुढे ठेवा आणि पैज लावा, पाण्यात तोंड घालून जास्त बुडबुडे कोण काढतो. पाण्याबाहेर तोंडाने श्वास घ्यायचा, पाण्यात नाका-तोंडाने सोडायचा. पोहण्यातली अर्धी विद्या एवढीच आहे. पोर ती आंघोळीच्या वेळी खिदळत शिकते. नंतर तुम्ही पाण्यात बोटे धरा आणि त्याला डोळे उघडे ठेवून मोजायला सांगा. चार दिवसांनी ते "आई, आता तू बोटे धर" म्हणत मागे लागेल. (घरात रांगते मूल असेल तर काम झाल्यावर बादली पालथी घाला. तान्ह्या पोराला वीतभर पाणीही पुरते.)

दुसरी पायरी हौदाची. मळ्यात पाण्याचा सिमेंटचा हौद असतो. त्यात पोराच्या कमरेइतके, फार तर बेंबीइतके पाणी ठेवा. मात्र ज्या हौदात फवारणीचे औषध किंवा विद्राव्य खत कालवता तो हौद नव्हे! हसू नका, मी असे पाहिले आहे.

हौदात काय करायचे? खेळायचे. तळाशी स्टीलची वाटी टाका आणि काढायला लावा. ती काढताना पोराला कळते की पाणी आपल्याला खाली जाऊ देत नाही, वर ढकलते. ही गोष्ट तुम्ही तोंडाने हजारदा सांगितली तरी पटत नाही, वाटी काढताना पटते. मग हाताने तळ धरून मगरीसारखे चालायचे, पाय मागे तरंगू द्यायचे. मग गुडघे पोटाशी घेऊन कासव व्हायचे आणि पाठ वर येते का पाहायचे. छातीत हवा भरलेली असली की माणसाचे शरीर पाण्याहून किंचित हलके असते, त्यामुळे कासव वर येतेच. श्वास सोडला की ते बुडू लागते. दोन्ही करून दाखवा.

सगळ्यात महत्त्वाचे उताणे तरंगणे. आपण त्याकडे लक्ष देत नाही. पोराला सूर मारता येतो, पण दमल्यावर उताणे पडून राहता येत नाही, आणि घात तिथेच होतो. पोराच्या डोक्याखाली एक हात आणि पाठीखाली दुसरा हात ठेवा. आभाळाकडे पाहायला सांगा, पोट वर, हनुवटी वर. कानात पाणी शिरले की ते दचकेल आणि मान उचलेल. मान उचलली की कंबर बुडते, कंबर बुडाली की सारेच बुडते. म्हणून त्याला रागावू नका. कान पाण्यात असताना तुमचा आवाज कसा ऐकू येतो ते ओळखायला सांगा. मी पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटतो, त्याचा टक्क आवाज कानात फार मोठा येतो. तो ऐकायला पोरे आपण होऊन कान बुडवतात. पाठीखालचा हात हळूच काढून घ्यायचा, पण "हात सोडणार नाही" असा शब्द दिला असेल तर मात्र काढायचा नाही. एकदा शब्द मोडलात की ते पोर त्या उन्हाळ्यात पुन्हा तुमच्या हातावर निजणार नाही.

एवढे झाल्यावर विहिरीची पायरी. इथे पाठीला आधार हवा. पूर्वी वाळका भोपळा होता, पांगाऱ्याचा बिंडा होता, रॉकेलचा डबा होता. आता गोड्या तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन सगळीकडे मिळतो. झाकण घट्ट लावा. कॅन दोन खांद्यांच्या मधोमध यायला हवा, दोर काखेखालून छातीवर आणून गाठ पुढे बांधा. कमरेला बांधाल तर ढुंगण वर आणि डोके खाली होईल. रोज बांधण्याआधी कॅन पाण्यात दाबून बघा, बुडबुडे निघाले तर तो फेकून द्या. पोर सरावले की बाबांच्या ओंडक्यासारखे करा. कॅनमध्ये तांब्याभर पाणी घाला, दोन दिवसांनी आणखी तांब्याभर. जितके पाणी तितकी हवा कमी, तितका आधार कमी, आणि पोराला काही जाणवत नाही. ट्रकच्या ट्यूबचा मात्र भरवसा धरू नका. पोर त्यातून खाली निसटते आणि ट्यूब वर तरंगत राहते.

हात कसे मारावेत याचा फार बाऊ करू नका. पोर पहिल्यांदा कुत्र्यासारखे हात मारते. मारू द्या. त्या हातावर वीस हात अंतर गेले की झाले. ढब पुढे सुधारते. पाय मात्र मांडीपासून हलवायला शिकवा, गुडघ्यापासून सायकल मारली तर नुसते पाणी उडते.

आणि वेळ? वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. विहिरीचे पाणी उन्हाळ्यातही गार असते. ओठ निळे पडले, दात वाजू लागले की बाहेर काढा, अंग पुसा, गूळ-शेंगदाणे हातावर ठेवा. "अजून थोडे" असे पोर म्हणत असतानाच थांबलेले चांगले, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते तुमच्याआधी उठून बसते.

जे पोर उतरतच नाही

तीन वर्षांमागे सात वर्षांची एक मुलगी आमच्याकडे आली. भाऊ पहिल्याच दिवशी पाण्यात, आणि ही पायरीवर. नऊ दिवस पायरीवर. तिचे वडील चिडले. म्हणाले, "साहेब, धरून बुडवा एकदा, भीती मोडेल." मी त्यांना माझी आणि तात्यांची हकिकत सांगितली. तिला मी एक काम दिले. विहिरीत कोण कोण आहे ते मोजायचे आणि दर थोड्या वेळाने मोठ्याने आकडा सांगायचा. हे काम खोटे नव्हते, खरोखरच असा एक मोजणारा काठावर लागतो. दहाव्या दिवशी आकडा सांगता सांगता तिने पाय पाण्यात सोडले. बाराव्या दिवशी ती म्हणाली, "आता दादाला मोजायला बसवा." त्या उन्हाळ्यात ती फक्त उताणी तरंगायला शिकली, पुढच्या उन्हाळ्यात विहिरीला दोन फेऱ्या घालू लागली. भाऊ पहिल्या दिवशी शिकला आणि ही दुसऱ्या वर्षी, पण तरंगण्यात आज भाऊ तिच्यामागे आहे.

अशा पोराला भावंडांपुढे "भित्री भागूबाई" म्हणू नका. खाऊचे आमिषही दाखवू नका, आमिषाने उतरलेले पोर खाऊ मिळाला की बाहेर येते. गोष्ट सांगायची असेल तर मुरलीकांत पेटकरांची सांगा. सांगली जिल्ह्यातल्या पेठचा हा गडी सैन्यात गेला. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाला. उपचार म्हणून पाण्यात उतरला, आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आला. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला तेव्हा वयाने कॉलेजच्या पोरासारखाच होता. पण बक्षिसाच्या गोष्टी फार सांगू नका. आपल्याला पदक नको आहे, पोर सांजेला घरी यायला हवे आहे.

मुलींविषयी थोडे स्पष्ट बोलतो. माझ्याकडे पहिल्या वर्षी चौदा पोरे आली, त्यात मुलगी एक. का, विचारले तर "लोक काय म्हणतील" आणि "कपड्यांचे काय". हंड्याला, धुण्याला, शेळ्यांना पाणी पाजायला काठावर जास्त कोण जाते? मुलगीच ना? मग पोहायला तिला आधी यायला हवे. कपड्यांचे म्हणाल तर अंगाबरोबरचा टी-शर्ट आणि लेगिन्स पुरे, सैल सलवार आणि ओढणी मात्र पाण्यात जड होऊन पायांत गुंतते. मुलींची वेळ वेगळी ठेवा, काठावर आयांना बसवा. आम्ही तसे केले तेव्हा दुसऱ्या वर्षी सहा मुली आल्या, आणि आयांपैकी दोघी स्वतःच पाण्यात उतरल्या. एक तर पस्तिशीची. आरती साहा ही बंगालची मुलगी १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून गेली, ती पार करणारी आशियातली पहिली बाई. तुमच्या लेकीला विहिरीला दोन फेऱ्या मारायच्या आहेत फक्त.

फिट येणारे, कान वाहणारे किंवा दम्याचे मूल असेल तर डॉक्टरांना विचारून मगच उतरवा. आणि पाण्यात पोरे असताना काठावरचा मोठा माणूस पोहणारा हवा, शुद्धीत हवा, आणि त्याचा मोबाइल खिशात हवा. बुडणारे पोर ओरडत नाही, हे लक्षात असू द्या. सिनेमात हात उंच करून हाका मारतात तसे काही होत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला येते, मान मागे पडते आणि पोर चुपचाप खाली जाते. तुम्ही एक फोन घेईपर्यंत होऊन जाते.

मुटका आणि सूर हा पोरांचा खरा आनंद, तो तोडू नका. फक्त पाण्याची खोली बांबूने पाहिल्याशिवाय सूर नाही, आणि खाली कुणी असताना उडी नाही, हे दोन नियम मोडणाऱ्याला त्या दिवशी काठावर मोजणीला बसवायचे.

शेततळ्याचा दोर

ज्यांच्याकडे प्लॅस्टिकच्या अस्तराचे शेततळे आहे त्यांनी हा भाग घरात सर्वांना वाचून दाखवावा. विहिरीला निदान दगड असतो, कपार असते. शेततळ्याला चारी बाजूंनी उतार, त्यावर गुळगुळीत कागद, कागदावर शेवाळ, आणि मध्ये तीन मीटर पाणी. पोहणारा गडीसुद्धा काठाला येऊन वर चढू शकत नाही. वर चढण्याच्या धडपडीत दमतो आणि मागे घसरतो. म्हणून पोहायला येते तेवढ्याने शेततळे सुरक्षित होत नाही.

कुंपण घाला आणि फाटकाला कुलूप लावा. "सुगी झाली की" म्हणू नका. चारी बाजूंना काठावर पक्की खुंटी रोवून तिला नायलॉनचा जाड दोर बांधा, हातभर अंतरावर गाठी मारा, दोराचे टोक पाण्यात पोहोचून वर आणखी दोन हात तरंगत राहील इतका लांब ठेवा आणि टोकाला रिकामा कॅन बांधा. जुने टायर एकमेकांना बांधून उतारावर सोडले तर शिडी होते, मात्र कागद टोचेल अशी तार वापरू नका. दर पावसाळ्यानंतर दोर ओढून पाहा, उन्हाने नायलॉन कुजतो.

आणि पोरांना, बायामाणसांना, म्हाताऱ्यांना एक गोष्ट घोकून घ्यायला लावा. कुणी पाण्यात पडले तर मागे उडी मारायची नाही. एकामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा, असेच जातात. काठावर पालथे पडून काठी, बांबू, ठिबकची नळी जे हाताला येईल ते पुढे करायचे. काही नसेल तर लुगडे, ओढणी, धोतर फेकायचे. रिकामा कॅन, घागर, चेंडू फेकायचा. आम्ही सुटीत शेवटच्या दिवशी हाच खेळ घेतो. एक जण कॅन धरून पाण्यात, बाकीच्यांनी साडी फेकून त्याला ओढून आणायचे. पोरांना पोहण्याइतकाच हा खेळ आवडतो. पहिली फेक नेहमी आखूड पडते, म्हणून माणसाच्या डोक्यापलीकडे फेकायला शिकवा.

पोर बाहेर काढले आणि ते हाक देत नाही, नीट श्वास घेत नाही, तर काय करायचे? उलटे टांगू नका, डोक्यावर घेऊन गरागरा फिरवू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी छातीत जाण्याचा धोका असतो. पाठीवर सपाट निजवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरा आणि तोंडाला तोंड लावून पाच वेळा श्वास फुंका. छाती वर उचलली जाते का पाहा. मग छातीच्या मधोमध तळहाताने दोन इंच खाली जाईल असे भराभर तीस वेळा दाबा, पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब पडतील इतका वेग ठेवा. पोर श्वास घेऊ लागेपर्यंत किंवा डॉक्टर येईपर्यंत थांबू नका. श्वास घेते आहे पण शुद्ध नाही, तर कुशीवर वळवून ठेवा. शुद्धीवर आले, हसू-बोलू लागले, तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवाच, कारण छातीत गेलेले पाणी काही तासांनी त्रास देते.

एकाने हे करायचे आणि दुसऱ्याने त्याच क्षणी १०८ ला फोन लावायचा. तिसऱ्याला हमरस्त्यावर उभे करा, हातात पांढरा पंचा देऊन. मळ्याकडे वळणारी वाट बाहेरून आलेल्या गाडीवाल्याला सापडत नाही.